जॉकी हॉलोतली भोगीची रात्र

जेवणं उरकली. पोरं बेसमेंटमध्ये ब्लँकेटं पांघरून बसली आणि संजीवकाकांनी दिवा मंद केला.

"यतीन माझ्याच ऑफिसातला. नागपूरचा. थापा मारणाऱ्यातला नाही," ते म्हणाले. "गेल्या वर्षी तेरा जानेवारीला, भोगीच्या रात्री त्याच्यावर जे गुदरलं, ते सांगतो."

त्या संध्याकाळी यतीन पार्सिपनीतल्या घरून जवळच्या मेंडम गावी गेला होता. त्याच्या बायकोची मैत्रीण चारुता बाळंत झाली होती, तिला डबा पोचवायचा होता. सहा वर्षांची रुही हट्टानं सोबत आली. परतताना बर्फ पडू लागला. अपघातामुळे मोठा रस्ता बंद होता, म्हणून त्यानं जॉकी हॉलोच्या जंगलातला रस्ता धरला.

"वी वेंट देअर! फील्ड ट्रिपला!" आर्य म्हणाला. "सोल्जर्स राहायचे तिथे."

"हो. इंग्रजांशी लढणारे अमेरिकन शिपाई. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात त्यांनी भुकेनं झाडांच्या साली चावल्या. बूट नव्हते, म्हणून पायांना चिंध्या बांधून रक्ताळलेल्या पायांनी बर्फातून चालले. कितीतरी जण घरी परतलेच नाहीत."

एका वळणावर गाडी घसरली आणि चरात गेली. इंजिन बंद पडलं ते पडलंच. फोनला रेंज नाही. यतीन गाडी ढकलायला उतरला, तशी रुहीही मागोमाग उतरली आणि बर्फाखालच्या ओहोळात गुडघ्यापर्यंत रुतली. त्यानं तिला मागच्या सीटवर बसवलं, चिंब बूट-मोजे काढले, पाय चोळ चोळ चोळले. आपलं जॅकेट तिला घातलं.

"बाबा, आय कान्ट फील माय टोज."

"झोपू नकोस हं राजा. बोलत राहा माझ्याशी."

मदत शोधायला जावं, तर हिला एकटीला कसं सोडायचं? उचलून न्यावं, तर वादळात हातभर पुढचं दिसेना. तो पुढे बसून हॉर्न दाबत राहिला. हॉर्न घोगरा झाला. मग तोही गेला.

रुही बोलेनाशी झाली.

"रुही... ए रुही..."

त्याला मागे वळायचं होतं. अंग वळेना.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

एक चेहरा. कोवळा. गालफडं बसलेली.

"ब्रेड?"

यतीननं मान हलवली. गाडीत एक घास नव्हता.

"माझी मुलगी..." तो मराठीतच रडला. "तिला वाचवा हो."

चेहरा बघत राहिला. मग काचेपासून सरकला.

दार उघडलं नाही. लॉक होतं.

तरी आरशात... तो मागे बसलेला. रुहीशेजारी.

तिच्या पायांवर वाकलेला.

"तिला नको," यतीन पुटपुटला. "मला ने..."



ओल्या राखेचा वास.

मग... काहीच नाही.



"मग?" सियानं हळूच विचारलं.

पहाटे रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या ड्रायव्हरला ते दोघं सापडले. हॉस्पिटलात यतीनच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. शुद्धीवर आल्याआल्या त्यानं रुहीचं विचारलं. ती पलीकडच्या खोलीत सूप पीत होती. तिचे पाय धडधाकट होते.

नर्सनं त्याच्या बायकोच्या, नेत्राच्या, हातात एक पिशवी ठेवली. "मुलीच्या पायांना हे बांधलं होतं. म्हणून वाचले. ज्यानं बांधलं, त्याला थँक्स म्हणा."

आत जाड्याभरड्या लोकरीच्या चिंध्या होत्या. गाठी मारलेल्या. त्यांवर रक्त वाळून काळं पडलेलं.

"रुहीचं?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"तिला साधा ओरखडाही नव्हता."