साहेबाची छाती

साहेब म्हणजे चिंपांझी. हाताची घडी घालून असा बसायचा की प्राणिसंग्रहालयाचे संचालकसुद्धा त्याच्यासमोर नकळत कॉलर नीट करायचे. वय एकतीस. पिंजऱ्यातल्या नर चिंपांझींचं हृदय या वयात दगा देतं. सकाळी केळं खातात आणि दुपारी आडवे. म्हणून साहेबाला रोज सकाळी केळ्याच्या कुस्करातून हृदयाची गोळी असायची आणि दर महिन्याला सोनोग्राफी. तीही भूल न देता. जाळीतल्या चौकोनी झरोक्याला त्यानं आपणहून छाती लावायची आणि डॉक्टरांनी बाहेरून यंत्र टेकवायचं.

हे त्याला शिकवलं मामांनी. मामा त्याचे रखवालदार. "छाती" म्हणायचं, वाट बघायची, द्राक्ष द्यायचं. दोन वर्षं घासली तेव्हा जमलं. दुसऱ्या कुणी "छाती" म्हटलं की साहेब पाठ फिरवायचा आणि मामा मिशीत हसायचे.

मग मामांचा गुडघा निखळला. सहा आठवडे घरी. परत आले तर झरोक्यापाशी बदलीवर आलेली नवी रखवालदारीण उभी. तिनं नुसतं "ये रे" म्हटलं आणि साहेबानं छाती लावली. मामांनी हाक मारली, तर मामांना पाठ!

"तुम्हीच पाया घातलात हो मामा," नवी म्हणाली. गोड बोलली, तेच जास्त झोंबलं.

डॉक्टर म्हणाले, "महिनाभर बघू. हिच्या हातून तपासणी नीट झाली तर साहेब हिच्याकडे. मामा, तुम्ही हरणं सांभाळा."

घरी मामी म्हणाल्या, "माझ्यासाठी कधी एवढे जळला नाहीत."

"तुला न्यायला कुणी आलं तर ना!"

पण घास काही उतरला नाही.

सकाळची गोळी अजून मामांच्याच हाती होती. मामांनी ठरवलं, ती द्यायचीच नाही. तपासणीत हृदय बिघडलेलं दिसेल, नवीवर ठपका येईल, मग पुन्हा गोळी सुरू. पण टाकायची कुठे? तिथे उरलेलं सालसुद्धा तपासून नोंदवायची शिस्त. मामांनी केळं कुस्करलं, गोळी स्वतः गिळली आणि रिकामा कुस्कर पुढे केला.

तिसऱ्या दिवशी साहेबानं कुस्कर घेतला नाही. मामांच्या गळ्याकडे बघत राहिला. मामांनी गोळी गिळली, गळ्याची घाटी खालीवर झाली, तेव्हा त्यानं हात पुढे केला.

पुढे रोज तसंच.

दहाव्या दिवशी खाद्यघराच्या पायऱ्या चढताना मामांना धाप लागली. वर पोचून बघतात, तर चार पावलांत बसकण मारणारा साहेब दोरावरून थेट छपराला जाऊन टेकलेला. मामांकडे बघत होता. आवाज नाही, दात विचकणं नाही.

गोळी आता द्यावी, असं मामांना वाटलं. त्याच वेळी नवी आली आणि साहेबानं जाळीतून तिच्या वेणीतली काडी अलगद काढली.

मामांनी गोळी गिळली.

तपासणीचा दिवस उजाडला. नवीनं "ये रे" म्हटलं. साहेबानं छाती लावली. डॉक्टरांनी यंत्र टेकवलं आणि पुढे वाकले.

"अगं, हे तर तरुण माणसासारखं चालतंय! काय केलंस काय तू?"

"काही नाही, डॉक्टर. गोळ्या तर मामाच देतात."

मामा भिंतीला टेकून उभे होते.

डॉक्टर यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हृदयाच्या मधल्या भिंतीला हे ठिगळ कसलं? ही शस्त्रक्रिया आहे. जुनी, लहानपणची असावी. याची कुणी केली?"



आठव्या वर्षी मामांच्या हृदयातलं भोक ठिगळ लावून बुजवलं होतं. मामींखेरीज ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मामांनी शर्टात हात घातला.

आत चालू होतं. दोन ठोके, मग खंड, मग एक ओढत आणलेला ठोका. साहेबाची ही चाल त्यांनी दर महिन्याला त्या पडद्यावर बघितली होती. पाठ होती.

"शाब्बास, राजा," नवी हळूच साहेबाला म्हणाली.

पडद्यावरचे ठोके तिच्यासाठी भरभर धावू लागले. मामांच्या हाताखाली काहीच बदललं नाही.