आवडीच्या पाटावर

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत ती घडली, आणि मावशी आजही धडधाकट आहे.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

साल १९८८. बदलापूरजवळचं सोनिवली गाव. भाद्रपदातली अविधवा नवमी. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती... भरदुपार होती.

मावशीचं नाव मालिनी. उल्हासनगरात वाढलेली, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. आवाज इतका बारीक, की कॅम्पातला सिंधी दुकानदार दरवेळी म्हणायचा, "जोर से बोल, बेटी!"

वडील गेल्यावर तिचं लग्न सोनिवलीच्या महिपतीशी लावलं. त्याची पहिली बायको आवडी काविळीने गेली होती.

गेली होती... पण घरातून नाही.

"आवडीचा भात असा गिचका नसायचा." "आवडी पाखडायला बसली की बघत रावावं." सासू बनूबाईंचं दिवसभर हेच चालायचं. मालिनीच्या हातून तांदूळ खाली सांडत आणि कोंडा सुपातच राही.

"एवढी शिकली गो, त्या शालंत सूप नव्हता काय?"

मालिनीला उत्तर सुचायचं. पण ओठांपर्यंत येईतो ते दमून जायचं.

आणि रोज दिवेलागणीला मागच्या पडवीतून आवाज यायचा...

फट... फट... फट...

कुणीतरी पाखडतंय. मधेच बांगड्या किणकिणायच्या.

"घुशी असतील," महिपती म्हणायचा. उठून बघायचा मात्र नाही.

मालिनीने बघितलं. सूप खुंटीला टांगलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने ते आधीच स्वयंपाकघरात आणून समोर ठेवलं.

समोरचं सूप हललं नाही.

पडवीतून आवाज आला...

मग तिने शोध घेणं सोडलं. फार थकली होती ती.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या नवमीला बाहेरची एक सवाष्ण जेवायला घालतात. तिच्या मुखाने ते मेलेलीला पोचतं, असं मानतात. घरातल्या बाईने त्या पाटावर बसायचं नसतं. सवतीने तर नाहीच.

पहाटेपासून मालिनी चुलीपुढे होती. खीर, वडे, कारल्याची भाजी. कारल्याच्या नुसत्या वासाने तिला लहानपणापासून मळमळायचं.

ताट वाढलं. पण बोलावलेली वेणूबाई आलीच नाही. सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात गेल्याचा निरोप आला. दुसरी कुणी यायला तयार होईना. पडवीतला आवाज गावाला माहीत होता.

"माझी आवडी उपाशी जाईल गो!" बनूबाई रडायला लागल्या.

मालिनी खांबाला टेकून उभी होती. पोटात कण नव्हता. आणि त्या घरात पहिल्यांदाच तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मी बसते."

"खुळी झालीस काय?" बनूबाई म्हणाल्या. "सवतीच्या पाटावर?"

"का? मी सवाष्ण नाही? की मी या घरात कुणीच नाही?"

ती पाटावर बसली. सासूने कुंकू लावलं, ओटी भरली, आवडीच्या नावाने पाणी सोडलं.

अंगणातल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या...

मालिनीने दोन घास खाल्ले. मग मान वर न करता म्हणाली...

"आत्ये, कारलं वाढ."

बनूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

मालिनी त्यांना 'आई' म्हणायची, अहोजाहो करायची. आत्ये म्हणणारी एकच होती. आवडी त्यांच्या भावाची लेक.

त्या दिवेलागणीला पडवी शांत होती. दुसऱ्या दिवशीही. आवडी जेवली, सुटली, असं सगळ्यांनी मानलं.

मग एका संध्याकाळी महिपतीला पुन्हा ऐकू आलं.

फट... फट...

तो धावत पडवीत गेला.

मालिनी बसली होती. सूप तिच्याच हातात होतं. कोंडा पुढे उडत होता, तांदळाचा दाणा सांडत नव्हता.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "दिवा लाव."

पुढे मावशी धीट झाली. अंबरनाथच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी धरली. घर तिच्या शब्दावर चालू लागलं. पोरगी बोलती झाली म्हणून आमच्याकडे सगळे खूश.

मीही तेच मानत आले. 'आत्ये' तिने कुणाच्या तोंडून ऐकलं असेल. सूप सरावाने जमतं. भुकेल्या माणसाला कारलंही गोड लागतं. प्रत्येक गोष्टीचं कारण देता येतं.

गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं, "मावशी, तू एवढी घाबरट... त्या पाटावर बसायची हिंमत कुठून आली?"

ती पाखडत होती. हात थांबले नाहीत.

"मी कुठली घाबरट? घाबरायची ती मालिनी."

मी हसले. ती हसली नाही.

"दमली होती गो बिचारी. म्हटलं, नीज आता."

मी अजूनही सोनिवलीला जाते. पण दिवेलागणीच्या आत निघते.

कारण त्या दिवाळीत मी थांबले होते. मावशी आत भात उतरवत होती, आणि मागच्या रिकाम्या पडवीतून आवाज आला... पाखडण्याचा नव्हे.

कुणीतरी बोलत होतं.

मी दाराला कान लावला. बराच वेळ उभी राहिले.

पण आवाज इतका बारीक होता... की काय म्हणतेय, ते कळलंच नाही.