मावशीची तीन महिन्यांची शुगर

"मशीन बिघडली असंन तुमची!"

नारायण पेठेतल्या लॅबमध्ये मी माझा रिपोर्ट घ्यायला रांगेत उभी होते आणि माझ्या पुढचे मफलरवाले काका काउंटरवरच्या बाईंशी भांडत होते. "चार दिवस झाले, गोडाला हात नाही लावला म्या! चहासुद्धा बिनसाखरेचा. मग हे नऊ पूर्णांक एक आलं कुठून?"

"मशीनला माहीत नव्हतं, तुम्ही आहात ते," बाई म्हणाल्या. पुण्यात याला उत्तर म्हणतात.

काकांच्या शेजारचा तरुण मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. "बाबा, चला ना..."

आता मी गप्प बसायचं की नाही? पण नाही! "काका, ही चार दिवसांची तपासणी नाहीये," मी मध्येच तोंड घातलं. "रक्तातल्या लाल पेशींना साखर चिकटते. पेशी जगते तीन-चार महिने, आणि तेवढे दिवस ती साखर अंगावर घेऊन फिरते. म्हणून यात मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी कळते. तुम्ही चार दिवस पथ्य केलंत, पण त्याआधी संक्रांत होऊन गेली ना?"

काकांनी मफलर सैल केला. मग मुलाकडे वळून म्हणाले, "अभिनव, हिला तिळाच्या वड्यांचं कोणं सांगितलं बाप्पा?"

तो हसला. हसताना त्याने चष्मा काढून पुसला, उगाचच. काचा अगदी स्वच्छ होत्या.

"किती असायला हवं मग?" त्याने विचारलं.

"डायबेटिस असेल तर साधारण सातच्या आत. वयाप्रमाणे थोडं इकडे तिकडे, ते डॉक्टर सांगतात."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"छे! सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, हडपसरला."

"अरे, मीपण हडपसरलाच! बाबांचे डॉक्टर इथे पेठेत, म्हणून इकडे. पण मग हे सगळं तुम्हाला..."

एव्हाना बाईंनी माझाही कागद माझ्या हातात दिला होता. त्यावर माझं नाव आणि सात पूर्णांक एक. मी त्याची घडी घातली.

"माझ्या मावशीला आहे," मी म्हटलं.

मला मावशी नाही. माझी आई चार भावांत एकटी बहीण.

का खोटं बोलले ते सांगते. चौदाव्या वर्षापासून मला टाइप वन डायबेटिस आहे. माझं शरीर इन्सुलिनच बनवत नाही, त्यामुळे दिवसातून चारदा इंजेक्शन. गोड खाल्ल्यामुळे हा होत नाही, पण ते लोकांना कोण समजावणार? दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मांजरी गावातल्या रविराजशी माझा साखरपुडा ठरला होता. मी त्याला खरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, पत्रिका जुळत नाही. अहो, तीनदा जुळवून झाली होती! तेव्हापासून आमच्या आनंदीबाईंचा, म्हणजे आईचा, कायदा: "लगीन होस्तवर कुणाफुडं बोलायचं न्हाई. हडपसरात तर न्हाईच न्हाई." म्हणून तर मी बस बदलत, स्वारगेटवरून चालत, एवढ्या लांबच्या लॅबमध्ये यायचे.

मे महिन्यात तो पुन्हा भेटला. मी जिना चढतेय तर हा वर उभा.

"नव्वद दिवस झाले मॅडम."

"काकांची टेस्ट दिवस मोजून करायची नसते काही."

"बाबांसाठी कोण मोजतंय?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच गडबडला. "म्हणजे... मावशींची याच सुमाराला असते ना!"

त्याच्या बाबांची, रंगराव काकांची, शुगर आठवर आली होती. "वाशीमात असतो तर हे झालंच नसतं," ते कुरकुरले. "तिथं कोणी मोजतच नाही."

मग फोन नंबर दिले गेले. काकांच्या पथ्यासाठी, अर्थात. रोज सकाळी मेसेज. "मावशी कशा आहेत?" मी लिहायचे, "आज चालायला जायचा कंटाळा केलाय त्यांनी." "रागावू नकोस त्यांना. आंबा चालतो?" "एखादी फोड." "मग त्यांच्या वाटणीचा तू खा." मी फोनकडे बघून हसायचे आणि मग डोळे भरून यायचे. तो एवढ्या मायेने विचारायचा, ते सगळं माझं होतं, आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हतं.

एकाच उपनगरात राहत होतो आम्ही. तो म्हणायचा, जेवायला भेटू. जेवण म्हटलं की आधी इंजेक्शन आलं. मी म्हणायचे, काम आहे. तो म्हणायचा, बरं. त्या 'बरं'ने माझी रात्रीची झोप जायची.

ऑगस्टात भुरभुर पाऊस होता. रिपोर्ट घेऊन आम्ही जिन्यात थांबलो होतो, काका खाली रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते.

"पूर्णिमा... मला मावशींना भेटायचंय."

"क-कशाला?"

"लग्नाचं कुणाशी तरी बोलावं लागेल ना? तुझ्या आईची तूच मला धास्ती घातलीयेस. आधी मावशींना पटवतो, त्या तुझ्या आईला पटवतील." तो ओल्या कठड्यावर बोट फिरवत राहिला. "म्हणजे, तुला चालणार असेल तर..."

चालणार असेल तर! अरे, फेब्रुवारीपासून दुसरं काय मागत होते मी देवाकडे? पण तोंडातून निघालं ते असं: "मावशी गावाला गेल्यात." आणि मी जिना उतरून चालू लागले. छत्रीही उघडली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं, तर आई म्हणाली, "लगीन झाल्यावर सांगू की! मग कुटं जातोय त्यो?"

"आणि रात्री माझी शुगर खाली गेली, मी घामाने भिजले, बरळायला लागले, तर त्याला काय सांगू? सवय आहे म्हणून?"

आईने पदर डोळ्यांना लावला. "कुणासाठी करते गं मी हे?" तिच्यावर तरी काय रागवायचं...

अभिनवचे तीन मेसेज आले. शेवटचा होता, "नाही असेल तरी चालेल, फक्त कळव." मी दहादा उत्तर लिहिलं, दहादा पुसलं. मग मेसेज थांबले. हडपसरच्या गाडीतळावर त्याच्यासारखं हेल्मेट दिसलं की माझे पाय थांबायचे. कधी जेवणच टाळलं, कधी इंजेक्शन विसरले, कधी रडत रडत बिस्किटांचा पुडा संपवला. दिवाळी आली आणि गेली. त्याच्या 'कशा आहेत?'साठी जीव इतका तुटायचा, की त्या खोट्या मावशीचाही मला हेवा वाटायचा.

नोव्हेंबरात मी दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ शकले असते. नाही गेले.

तो होता. काका काउंटरवर कागद नाचवत होते. "सहा पूर्णांक नऊ! पेढे वाटू का?"

"मावशी कशा आहेत?" अभिनवने विचारलं. परक्यासारखं. तेच सहन झालं नाही मला.

मी माझा कागद त्याच्या हातात दिला. "भेटायचं होतं ना? भेट."

त्याने वाचलं. नाव, वय सत्तावीस. मग माझ्याकडे बघितलं.

"टाइप वन," मी म्हटलं. "तेरा वर्षं झाली." माझा आवाज इतका मोठा होता की बाकावरची माणसं वळली. वळू देत.

"आठ पूर्णांक नऊ," तो हळूच म्हणाला. "मे महिन्यात मावशींचं सात होतं... म्हणजे हे सगळं ऑगस्टपासूनचं?"

"हो. तू विचारल्यापासूनचं."

त्याने कागद पुन्हा वरपासून वाचला. "राग आलाय मला," शेवटी म्हणाला. "बाबांची एक गोष्ट लपवली नाही मी तुझ्यापासून. आणि... भीतीपण वाटतेय."

झालं. आता पत्रिका निघणार, मी मनात म्हटलं.

"झोपेत तुझी शुगर कमी झाली, तर मला कळणार कसं?"

"तुला म्हणजे?"

"मग कुणाला, शेजाऱ्यांना?" त्याने कागद माझ्या हातात परत दिला. "चल, आधी जेवू. एकदाही जेवली नाहीस माझ्याबरोबर."

मागच्या गल्लीत खानावळ होती. काकांनी ज्वारीच्या भाकऱ्या सांगितल्या. मी सवयीने पर्स घेऊन उठले.

"कुठे?"

"इंजेक्शन... बाथरूममध्ये घेते मी."

"तिथे का?"

 मी परत खाली बसले. पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, सुई लावली, चकती आठ युनिटवर फिरवली, बाही वर केली. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब घास थांबवून बघत होतं. कान गरम झाले माझे, पण हात थांबवला नाही.

"मला शिकव," अभिनव म्हणाला.

मी सुई टोचली आणि त्याचा अंगठा पेनच्या बटणावर ठेवला. "दाब, सावकाश. आता दहापर्यंत मोजायचं, तोवर सुई काढायची नाही."

"एक... दोन..." तो बटणावरून नजर न हलवता मोजत होता. "तीन... चार..."

"हो," मी म्हटलं.

"काय हो?"

"ऑगस्टात विचारलं होतंस ना. हो."

त्याचे डोळे एकदम भरून आले, चष्म्याआडून दिसलं मला. काका भाकरी मोडायची विसरले.

"मोजायचं थांबू नकोस रे," मी म्हटलं, "औषध बाहेर येईल."

"पाच..." तो म्हणाला. "सहा..."