बाभळीची तुळई

घरातल्या माळ्याची तुळई कोसळून दुसरबीडच्या वच्छलाबाई गेल्या. ती बसवणाऱ्या जानराव मिस्त्रीनं दुसऱ्याच दिवशी विहीर जवळ केली.

त्याची बायको बनाबाई बुलढाण्याला पंजाबरावांकडे आली. जंगलखातं सोडून ते खासगी तपास करत. जोडीला मित्र शेषराव मास्तर.

"गाव म्हणते, ओलं लाकूड लावलं," बनाबाई म्हणाली. "बाभूळ वाळू द्या, असं त्यानं म्हातारीच्या पोराले, भगवानरावाले सांगतलं होतं. घाई त्याहिलेच होती. पण शेवटी म्हणे, माह्याच हातानं म्हातारी मेली."

वच्छलाबाईंच्या घरी तुळई बंद खोलीत पडली तशीच होती. भिंतीवर टेकलेल्या टोकाला चहूकडे चिरा होत्या. निसटलेलं टोक गुळगुळीत, बोटाला गार. ते भिंतीतून आरपार पलीकडे, धान्याच्या खोलीत निघत असे.

वच्छलाबाईंची मुलगी कोकिळा म्हणाली, "आई येत्या गुढीपाडव्याले वावर माह्या नावानं करणार होती. दादानं सकाळी माळ्यावर पोते चढवले. दुपारी आईचं अंथरूण मीच त्याच्याखाली टाकलं."

"दिवाळीत बसवली तवापासून बाभूळ आटली," भाऊ भगवानराव म्हणाला. "आखूड झाली, निसटली."

"धान्याच्या खोलीची किल्ली?" पंजाबरावांनी विचारलं.

"माह्याजवळच. कोणाचा भरोसा नाही."

बाहेर शेषराव म्हणाले, "लाकूड आटतं खरं. माझं नवं दारही आटलं."

"फट कुठं पडली?"

"दोन्ही बाजूंना."

"वर-खाली?"

"नाही."

पंजाबरावांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. गावचे सरपंचही आले.

"लाकूड रुंदीत आटतं. लांबीत जवळजवळ नाहीच. तुळई बारीक होईल, आखूड होणार नाही. ओल्या लाकडाचं टोक आधी वाळतं आणि फुटतं; आत ओल राहते. दिवाळीपासूनचं एक टोक फुटलंय. दुसरं ओलं, बिनचिरेचं. म्हणजे ते नुकतंच कापलंय. धान्याच्या खोलीतून, भिंतीत बोटभरच टेकू ठेवून. बाकीचं पोत्यांनी केलं. किल्ली एकाचजवळ होती."

शेषरावांनी भगवानरावाकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "वावर माह्या बापाचं होतं."

कोकिळा उठून आत गेली.

"झालं ते झालं, बनाबाई," सरपंच म्हणाले. "आता गावाचा तुह्या नवऱ्यावर राग नाही."

"त्याच्या मौतीले कोण आलतं?" बनाबाईनं विचारलं.

ती पायऱ्या उतरून एस.टी.च्या रस्त्याला लागली.