लेखणीला लावलेला मध

दारावर थाप पडली आणि जूझाच्या हातातल्या लेस विणायच्या लाकडी फिरक्या जागच्या जागी थबकल्या... थाप! आणि तिच्या दारावर? गोझो बेटावरच्या आर्ब गावात दिवसभर घराची किल्ली दाराला बाहेरूनच लावलेली असते. शेजारीण असो, पाद्रीबाबा असोत की पाववाला असो, जो तो किल्ली फिरवतो नि हाक मारत आत येतो. थाप मारतो तो फक्त परका!

समोरच्या सज्जातून शेजारीण ग्रॅत्सीचा आवाज आला, "अगं जूझा, उघड की! राष्ट्राध्यक्षांना दारात तिष्ठत ठेवायला तू कुठली राणी लागून गेलीस?"

जूझानं दार उघडलं. समुद्रावरून आलेलं धुकं गल्लीत भरलं होतं, आणि त्या धुक्यात, टोपी दोन्ही हातांत धरून, माल्टाचा नवा राष्ट्राध्यक्ष एकटाच उभा होता. तिचा धाकटा भाऊ. चेन्सू. केस पांढरे झाले होते, पण ओठ चावायची ती लहानपणची खोड तशीच होती.

"किल्ली दारालाच होती," ती म्हणाली. "परक्यासारखं वाजवलंस ते?"

"ती फिरवायचा हक्क उरलाय की नाही, ठाऊक नव्हतं, ताई."

ती चहाचं आधण ठेवायला वळली, आणि पाण्याच्या त्या सुरावर तिचं मन कुठल्या कुठे तरंगत गेलं...

आई चेन्सूला जन्म देऊन देवाघरी गेली, तेव्हा जूझा स्वतःच परकरात होती. बाळाचा पहिला वाढदिवस आला. त्या दिवशी बाळापुढे थाळी मांडायची आणि बाळ जे उचलेल ते त्याचं आयुष्य, ही गोझो बेटाची पिढ्यान् पिढ्यांची रीत. बाबांनी त्या थाळीत जाळं विणायची सुई ठेवली. मासेमाराचा मुलगा मासेमारच व्हायचा! पण आदल्याच हिवाळ्यात समुद्रानं काकाला नेलं होतं... चेन्सूला समुद्राच्या हाती द्यायचं नाही, असं त्या पोरीच्या काळजानं घेतलं. तिनं स्वतःची शाळेची लेखणी थाळीत ठेवली, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिला रानफुलांचा मध चोपडला.

बाळानं लेखणी उचलली, चोखली, आणि घरभर टाळ्या पडल्या! बाबांनी मात्र सुई थाळीतून उचलून घेतली. मग म्हणाले, "ठीक आहे. देवाची इच्छा. पण एका बोटीवर दोघांचं शिक्षण व्हायचं नाही, पोरी."

दुसऱ्या दिवसापासून जूझा लेस विणायला बसली. ननांच्या शाळेत शिक्षिका व्हायचं तिचं स्वप्न त्या लेखणीबरोबर चेन्सूच्या दप्तरात गेलं. पुढे तिच्यावर जीव असलेला सावेर ऑस्ट्रेलियाला निघाला. "चल माझ्याबरोबर," म्हणून बंदरावर तिची वाट पाहत राहिला... त्या वर्षी चेन्सूची वकिलीची परीक्षा होती. बोट सुटली. तिनं ती कड्यावरून पाहिली, धुरात विरघळेपर्यंत पाहिली, आणि घरी येऊन वकिलाच्या झग्याला लावायची लेस विणायला घेतली.

आणि मग ते लग्न! राजधानी व्हॅलेटाच्या मोठ्या घरची मुलगी, झुंबरं, व्हायोलिनं... काळी शाल डोक्यावरून घेऊन जूझा एका खांबाशी उभी होती. व्याह्यांकडच्या कुणीतरी विचारलं, या बाई कोण? आणि चेन्सू म्हणाला, "गावाकडच्या आहेत. लेस विणून देतात."

जूझा संध्याकाळच्या बोटीनं परत आली. कुणाला सांगणार? आपलेच दात नि आपलेच ओठ! गोदी कामगारांचा वकील, खासदार, मंत्री... चेन्सूची प्रत्येक पायरी तिनं ग्रॅत्सीच्या रेडिओवर ऐकली, आणि प्रत्येक वेळी चर्चमध्ये एक मेणबत्ती लावली. तो गावच्या उत्सवाला आला की मात्र ती खिडकी लावून घेई.

"ताई, पाणी उकळतंय."

ती दचकली. चेन्सू लहानपणच्या त्याच ठेंगण्या स्टुलावर बसला होता.

"रविवारी माझ्या नातीचा, निनाचा पहिला वाढदिवस आहे," तो म्हणाला. "थाळी घरातल्या थोरल्या बाईनं मांडायची असते. म्हणून आलोय."

"तुझ्या घरातली थोरली बाई?" जूझानं कप खाली ठेवला. "मी तर बाबा गावाकडची. लेस विणून देते."

चेन्सूचा चेहरा पांढराफटक पडला. "तू... तू ऐकलं होतंस?"

"तेव्हा बहिरी नव्हते. आता थोडी झालेय."

आणि तो राष्ट्राध्यक्ष, ज्याच्यापुढे सैनिक सलामी देत उभे राहतात, तो तोंड ओंजळीत लपवून रडू लागला! "तुझी लाज नव्हती गं वाटली! तुझ्या बोटांवर मी मोठा झालो, हे त्या झुंबरांखाली सांगायची छाती झाली नाही. परवा शपथ घेतली... सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी पहिल्या रांगेत तुला शोधत होतो."

"बोलावलं होतंस?"

"नाही. धीर झाला नाही."

जूझा पुन्हा फिरक्या चालवू लागली. एवढ्या वर्षांचा राग तिनं मनात जपून ठेवला होता. आता काढून पाहावा, तर तो सापडेना! शेवटी ती म्हणाली, "थाळीला अंडं ताजं लागेल. बाजारातलं चालायचं नाही. ग्रॅत्सीच्या कोंबड्यांचं घेऊन येईन."

रविवारी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाच्या बागेत संत्र्यांचा वास इतका दाटला होता की जूझाला सारं स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. पाहुण्यांच्या मधून चेन्सू तिला हाताला धरून घेऊन आला. "ही माझी ताई," तो मोठ्यानं म्हणाला. "मी जो काही आहे, तो हिच्यामुळे आहे." कितीतरी माना तिच्यापुढे लवल्या, पण तिला फक्त ती दोन साधी अक्षरं ऐकू येत राहिली. ताई...

तिनं थाळी मांडली. अंडं, जपमाळ, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. तिच्या वेळी मुलींच्या थाळीत लेखणी नसायची. तिनं ती ठेवली, अगदी मधोमध. कोरडी, स्वच्छ पुसलेली.

"आत्या, तुम्ही इथंच बसा, थाळीजवळ," चेन्सूची मुलगी मार्तीझ म्हणाली. चेन्सू वाकला, जूझाचा हात हातात घेतला आणि रीतीप्रमाणे ओठांना लावला. हात सोडला, तेव्हा तिला बोटांना काहीतरी चिकट लागलं.

निना रांगत निघाली. लेखणीपाशी थांबली, तिला हात लावला... पण पोरीनं नाक फुलवलं, थाळी ओलांडली, आणि जूझाचं बोट पकडून सरळ तोंडात घातलं.

"आता हिनं निवडलं तरी काय?" पाहुणे हसू लागले.

जूझा आपल्या हाताकडे पाहत राहिली. रानफुलांच्या मधाचा वास! "चेन्सू," ती कुजबुजली, "तुला... कुणी सांगितलं?"

"बाबांनी. माझ्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात, डोळे मिटायच्या आधी." तो तिच्या शेजारी टेकला. "माझ्या पहिल्या वाढदिवसाच्या संध्याकाळी लेखणीला मुंग्या लागल्या होत्या, ताई. बाबांनी पाहिल्या होत्या. म्हणाले, 'पोर स्वतःचं ताट तुझ्यापुढे सरकवत होती, आणि मी तिला सरकवू दिलं. माझ्या वतीनं तिची माफी माग.' मग तर मला तुझ्यासमोर उभं राहायचीच लाज वाटू लागली..."

म्हणजे बाबांना ठाऊक होतं! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. लेस विणून विणून वाकडं झालेलं ते बोट निना डोळे मिटून चोखत होती.

"अगं हळू," जूझा म्हणाली, "संपला तो मध."

पण निनानं बोट काही सोडलं नाही.