पलीकडची कपार
भावोजी जिवंत आहेत का, हे पाहायला आम्ही तिघं त्या गुहेत उतरलो. तिघं म्हणजे मी, माझी थोरली बहीण आणि भावोजींचा गुहा धुंडाळण्यातला जोडीदार, ज्याला भिंतींना चिकटून चढतो म्हणून सगळे पाल म्हणतात. आदल्या दिवशी पाल आणि भावोजी गुहेच्या पोटातल्या दरीपाशी पोहोचले होते. भावोजी दोराला लटकून पलीकडे झेपावले, दोर खडकाच्या धारेवर घासून तुटला आणि अंधारात काहीतरी आपटलं. पालच्या डोक्यावरच्या दिव्याचा उजेड पलीकडे पोहोचेना. हाका मारून घसा बसला, तेव्हा तो एकटाच वर आला. बचाव पथक रस्ता खचल्यामुळे वाटेत अडकलं होतं, डोंगरावर पाऊस थांबत नव्हता आणि ताई घरात थांबत नव्हती.

माझं टॉर्चचं दुकान, त्यामुळे लांबचं दाखवणारी टॉर्च माझ्या गळ्यात आली. भिंग पुढेमागे सरकवलं की झोत आवळतो किंवा पसरतो, अशी टॉर्च मी काढली. आत एलईडी कोणता बसवायचा, एवढाच प्रश्न होता. एक चांगला नखाएवढा होता, दुसरा मोहरीएवढा. आमच्या धंद्यात समोरच्या भिंतीवर उजेड पाडून दाखवतात. जो भिंत जास्त पांढरी करेल तो भारी! मोठ्याने अख्खं दुकान लख्ख केलं.

"हाच बसव," ताई म्हणाली. पालने मान डोलावली, मीही डोलावली. भावोजी दुकानात हरवलेले नाहीत, हे तिघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. धाकटा एलईडी मी तांब्याच्या चकतीसकट खिशात टाकला, तारा डागायची गॅसची सोल्डरिंग पेनही घेतली; सुटे भाग नि हत्यारं जवळ ठेवायची सवय म्हणून.

गुहेची वाट म्हणजे आधी सरपटायचं, मग वाकायचं, मग एका अरुंद बोळातून गुडघाभर गार पाण्यातून चालायचं. छतातून पाणी ठिबकत होतं. ताईने आयुष्यात कधी घरची गच्ची सोडून काही चढलं नव्हतं. ती कोपरं सोलून घेत आमच्या पुढे होती. बोळ संपला आणि पायाखालची जमीनही संपली. पालने पुढे होऊन हात आडवा धरला. "वहिनी, इथेच."

मी भिंग पुढे ओढलं. झोत सुटला! मोठा, गोल, फिकट झोत दरीच्या मध्यापर्यंत गेला आणि विरून गेला. पलीकडे काहीच दिसेना. मी भिंग मागेपुढे करत राहिलो. अंधार जसाच्या तसा.

"पाणी चढतंय," पाल मागून ओरडला. "बोळ भरला तर आपण इथेच!"

"तुम्ही जा," ताई खाली बसत म्हणाली. "तो तिथे असेल नि मी निघून गेले, तर? जिवंत असेल तर?"

तिला उचलून न्यायची आमची छाती नव्हती. मला रडू आलं, आणि रडतारडताच लक्षात आलं. आवळलेल्या झोतात त्या एलईडीचंच चित्र समोर पडतं. एलईडी मोठा, की ठिगळ मोठं आणि उजेड पातळ. इवल्याचा उजेड कमी, पण सगळा एका जागी!

मी टॉर्च उघडली. पालने डोक्यावरचा दिवा माझ्या हातांवर धरला. गॅसची सोल्डरिंग पेन एकदा विझली. पुन्हा पेटवली. लाल तार लागली. काळी निसटली. बोटं बधिर झाली होती. "अरे, आवर!" पाल कण्हला. काळीही लागली!

बटण दाबलं. ताटलीएवढा उजेड पलीकडच्या खडकावर जाऊन बसला. पण ताटलीएवढाच! एवढ्या मोठ्या भिंतीवर तो मी इंच इंच फिरवत राहिलो. ओला दगड. पुन्हा दगड. दोराचं टोक. मग एका कपारीत भावोजींचा बूट दिसला, आणि वर सरकवल्यावर मान दिसली. जिवंत माणसाची मान तशी वळत नाही.

"हात दाखव," ताई म्हणाली. मी भावोजींच्या हातावर उजेड धरला. तो हलला नाही. ती बराच वेळ पाहत राहिली. घाई करा, असं म्हणायची हिंमत पालचीसुद्धा झाली नाही. मग तिने माझ्या हातातली टॉर्च घेतली आणि स्वतःच बंद केली.

"चला."

परतताना बोळात पाणी छातीला लागलं. पालने दोर बांधून आम्हाला एकेक करून ओढलं. माझं डोकं दोनदा बुडालं, ताईची पकड सुटली आणि पालने तिला केसांना धरून वर काढलं! बाहेर आलो तेव्हा भर दुपार होती. आम्ही चिखलात आडवे पडलो. मी मेलो नाही याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

"त्या छोट्या दिव्याने वाचवलं बघ," पाल धापा टाकत मला म्हणाला. "नाहीतर वहिनी काही उठत नव्हत्या."

ताई आमच्याकडे पाठ करून पडली होती.

"मोठाच राहू द्यायचा होतास रे," ती म्हणाली. "त्या उजेडात तो अजून जिवंत होता."