फळ्यावरचे नऊ

विश्वासावर उभ्या असलेल्या कार्यात एकाचा अपराध सर्वांच्या माथी येतो; म्हणून अपराधी शोधण्याइतकेच निरपराधाला सोडवणे हेही धर्मकार्य होय.

चाचेगिरीविरुद्ध चार देशांची आरमारे एकत्र आली होती. मालवाहू जहाजे ठरल्या ठिकाणी जमत. तेथून युद्धनौका त्यांना सोबत करीत. त्या दिवशी नेमक्या त्याच ठिकाणी चाच्यांच्या दोन होड्या दबा धरून बसलेल्या सापडल्या. जहाजे अद्याप दूर होती. समन्वय-कक्षातून कोणीतरी बातमी फोडली होती.

संशय कक्षातल्या एका परदेशी अधिकाऱ्यावर गेला. जहाजांच्या भेटीचा बेत त्यानेच आखला होता. संध्याकाळपर्यंत तो निर्दोष ठरला नाही, तर त्याच्या देशाची युद्धनौका माघारी जाणार होती आणि उद्याची सहा जहाजे सोबतीविना वाऱ्यावर सोडली जाणार होती.

तपास करणाऱ्या बाईंनी होड्या कधी सापडल्या, हे कोणालाच कळू दिले नाही. फळ्यावर बेत तसाच होता: ठिकाण, आणि पुढे नुसते नऊ. बेत ठाऊक असलेल्या तिघांना त्यांनी एकेक करून त्या फळ्यासमोर बोलावले.

भेट दुपारी बाराला होती, असे परदेशी अधिकारी थंडपणे म्हणाला. बिनतारी संदेशयंत्र सांभाळणाऱ्यानेही तेच सांगितले, आणि हे काय विचारणे झाले, अशा नजरेने पाहिले.

मग चाच्यांची भाषा जाणणारा, सदा थट्टेखोर दुभाषी आला.

"भेट किती वाजता होती?"

"चष्मा घरी राहिला वाटतं, मॅडम. नऊला."

"सकाळी?"

"मग काय. एवढं ठळक लिहिलंय की."

बाईंनी इतर दोघांना आत घेतले.

"आरमारात वेळ लिहितात ती जागतिक घड्याळाची. आपलं घड्याळ तीन तास पुढे. हे इथे इतकं अंगवळणी पडलंय, की फळ्यावर कोणी तशी खूणही करत नाही. हे नऊ म्हणजे आपले दुपारचे बारा. चाचे मात्र आपल्या सकाळी नऊला तिथे हजर होते. बेत आखणारा स्वतःच्या बेतात अशी चूक करेल?"

दुभाष्याची थट्टा कुठल्या कुठे गेली.

"माझा धाकटा भाऊ खलाशी आहे, तो त्यांच्या ताब्यात आहे, मॅडम. सात महिने झाले. बातमी दिली नाहीस, तर फोनवर त्याचा आवाजही ऐकू येणार नाही, म्हणाले."

परदेशी अधिकाऱ्यानेच खुर्ची पुढे ओढली.

"फोन कुठून येतो, ते सांगा. आमची नौका अजून इथेच आहे."

दुभाष्याची शिक्षा टळणार नव्हती. बाईंनी जबानी शब्दशः उतरवली. चाच्यांनी पळवलेल्या, शोधावयाच्या खलाशांच्या यादीत मात्र पहिले नाव त्यांनी धाकट्याचे लिहिले.

ज्याच्यावर आळ आला, त्याचा हात असाच पुढे राहो. आणि त्या धाकट्याला घरचा किनारा दिसो.